मायनरचं नाक, फियाटचा दांडा

मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी असते. ती नक्षी नव्हे. गाडी जवळपास तयार झाल्यावर तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना उभा चिरला, दोन भाग एकमेकांपासून चार इंच दूर सरकवले आणि मधे पत्रा भरला. बंपर मात्र आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांवर तेही कापून पट्टीने जोडले. सदरा पोटाला घट्ट झाला की शिंपी मधे पट्टी घालतो ना, तसं. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात हे ठिगळासकट रूप लोकांनी पसंत केलं.

तिच्याच काळातल्या, १९५३ च्या इटालियन फियाट ११०० ला ठिगळ नाही. चार दारं पहिल्यापासून, इंजिन १०८९ सीसी, ताकद ३६ हॉर्सपॉवर. त्याच साली मायनर ८०३ सीसीवर चालत होती. भरलेल्या गाडीने घाट चढायचा तर हा फरक गणित न करताही कळतो. वळणावर मात्र मायनरच सरस. तिच्या रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाच्या) स्टिअरिंगला हात लावताक्षणी चाक ऐकतं.

आणि नेमकी तिथेच तिची दुखरी जागा आहे. पुढच्या चाकाची स्विव्हल पिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन, खाली ट्रनियन नावाच्या धातूच्या ठोकळ्यात आट्यांवर बसते. ग्रीस चुकलं की आटे झिजतात, आणि एक दिवस, बहुतेक वेळा हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, पिन निसटते आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. उपाय स्वस्त आहे: हजारएक मैल झाले की ग्रीसगन. पण गाडी जॅकवर घेऊन, चाक अधांतरी ठेवून; भार असताना ग्रीस आट्यांत नीट शिरतच नाही. मग चाक वर-खाली धरून हलवायचं. खळखळलं तर आधी कारण शोधायचं, गाडी नंतर काढायची.

फियाटचं दुखणं इतकं जीवघेणं नाही, पण चिडवणारं आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर, गिअरबॉक्स खाली. मधल्या सळ्या आणि बुश, म्हणजे त्यांच्या जोडांतल्या छोट्या नळ्या, झिजल्या की दांडा ताकातल्या रवीसारखा फिरतो आणि गिअर अडकतो. मुंबईकरांना हे सांगायला नको. याच गाडीची पुढची पिढी कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी होऊन २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. त्या दांड्याशी हुज्जत घालणारे टॅक्सीवाले पाहतच एक पिढी मोठी झाली.

नव्या बुशचा जोड टाकला की दांडा आठवडाभर इतका कडक वाटतो की काहीतरी बिघडलंय अशी शंका येते. तो तसाच असायला हवा.