पाकिटावरची पाच नावं

रात्रीचे पावणेबारा.

जॅझच्या एका रेकॉर्डच्या पाकिटावर पाचच नावं आहेत. आज मोजली. लू डोनाल्डसनचा आल्टो सॅक्सोफोन, मेल्विन लॅस्टीचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा भाऊ), जॉर्ज बेन्सनची गिटार, लॉनी स्मिथचा ऑर्गन, ड्रमवर लिओ मॉरिस (इद्रिस मुहम्मद हे नाव नंतरचं). बेसवाला नाहीच. मग इतकी वर्षं ‘काय बेस आहे’ म्हणून मान डोलावली ती नेमकी कुणाला?

रेकॉर्डचं नाव ‘अ‍ॅलिगेटर बूगलू’. ध्वनिमुद्रण ७ एप्रिल १९६७, अमेरिकेत एंगलवुड क्लिफ्स, व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. तारीख पाठ, आणि बेस कोण वाजवतंय याचा पत्ता नाही. इतरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. असो.

म्हणजे तो खर्ज लॉनीच्या डाव्या हाताचा. रेकॉर्ड परत लावली आणि फक्त तोच धागा धरून ऐकली. ऑर्गनवाले डाव्या हातासाठी खालच्या कीबोर्डचे ड्रॉबार (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या), पहिले तीन साधारण ८-३-८ असे ओढतात, बाकीचे सहा आत. त्यातून तो गोल, जाड आवाज येतो. पण या हॅमंड ऑर्गनची पट्टी जोरात हाणा की हळू दाबा, आवाज तेवढाच. मग वजन द्यायचं कशानं? स्वराच्या लांबीनं. पुढचा स्वर लागायच्या आत आधीचा सुटलाच पाहिजे. केसभर उशीर झाला की दोन खर्ज एकमेकांत कालवतात आणि ठेका चिखलात रुततो. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर अडकलेला, म्हणून डाव्या पायानं खालच्या पेडलला नुसती टिचकी मारायची. स्वर धरायचा नाही, ठोसा तेवढा द्यायचा. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भात्यात जातो. इथे त्या हातानं एका माणसाची नोकरीच खाल्ली.

आणि मला ऐकू आलं नाही. हेच परत परत सलतंय.

लूचंही तसंच. धून सोपी वाटते, म्हणून आल्टोवाले तिच्यावर तुटून पडतात आणि इथेच फसतात. जीभ स्वर सुरू करायला वापरतात, तोडायला नाही. फंकमध्ये, म्हणजे अशा ठेकेबाज संगीतात, स्वराचा शेवट जिभेनं कापावा लागतो: श्वासाचा दाब तसाच ठेवून जिभेचं टोक रीडला (तोंडातल्या पातळ पट्टीला) टेकवायचं. दाब सोडला की शेवटी सूर घसरतो. जीभ जास्त दाबली की पुढचा स्वर ‘ठक्’ करून फुटतो. लू ‘बर्ड’ म्हणजे चार्ली पार्करचा सॅक्सोफोन ऐकून तयार झालेला, बोटं धावत होतीच. तरी तो मोकळी जागा मोकळीच ठेवतो. हा संयम... त्यावर पुन्हा कधीतरी.

गंमत म्हणजे हे शीर्षकगीत भरतीचं. रेकॉर्ड तोकडी पडत होती म्हणून जाता जाता वाजवलं, असं लूच सांगायचा. ते पहिल्या बाजूला पहिलं लागलं आणि सगळ्यांच्या लक्षात तेच राहिलं.

तर मग ठीक आहे. बेसवाला नाही हे कुणाला जाणवू नये एवढ्यासाठीच लॉनीचा डावा हात झिजत होता. मी फसलो, म्हणजे त्याचं काम चोख झालं. लाज थोडी कमी वाटतेय.

पंचाईत आता उलटी झालीय. कान त्या डाव्या हाताला चिकटलाय. बेन्सनचा सोलो आज दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा निसटला. तिसऱ्यांदा सुई ठेवतो.