कोल्पोडाची पुटी उघडताना

पुटी, म्हणजे सूक्ष्मजीवाने स्वतःभोवती बांधलेलं कवच, बघायची असेल तर पॅरामिशियमच्या नादी लागू नका. त्याची पुटी आजवर कुणी खात्रीने दाखवलेली नाही. कोल्पोडा घ्या. 1773 साली डेन्मार्कच्या ओ. एफ. म्युलरने या प्रजातीला नाव दिलं. घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा हा सूक्ष्म, एकपेशीय आदिजीव मातीत आणि वाळल्या गवतावर पुटी करून पडलेलाच असतो. मला भाताच्या पेंढ्यात मिळाला.

थोडा पेंढा उकळून काढा केला, गार झाल्यावर त्यात न उकळलेल्या काड्या टाकल्या. लवकरच थेंबाथेंबात कोल्पोडा गिरक्या घेऊ लागले. मधूनच पातळ भिंतीच्या गोल पुट्या दिसत, आत दोन किंवा चार जीव वळवळताना. या झोपेच्या पुट्या नव्हेत. कोल्पोडा विभागतो तोच मुळी अशा तात्पुरत्या पुटीत, त्यामुळे नवख्याची इथे हमखास गल्लत होते.

खरी पुटी होते ती खायचे बॅक्टेरिया संपले, गर्दी वाढली की. पेशी मंदावते, गोल होते, जागच्या जागी फिरत राहते. पोटातलं उरलंसुरलं बाहेर टाकते, सिलिया (पोहण्याचे बारीक केस) नाहीशा होतात, भोवती चिकट थर चढतो आणि त्याच्या आत भिंत. माझी नजर संकोचशील रिक्तिकेवर, म्हणजे पेशीतलं जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पिशवीवर होती. फुगणं, रिकामं होणं, पुन्हा फुगणं. मधलं अंतर वाढत गेलं आणि ती थांबली.

स्लाइड वाळू दिली. नंतर नुसतं पाणी घातलं तर पुट्या ढिम्म. पेंढ्याचा ताजा काढा घातला तेव्हा कुठे काम सुरू झालं. इथे घाई उपयोगाची नाही, काही तास जातात. थेंबावरच्या पातळ काचेच्या, म्हणजे कव्हरस्लिपच्या, कडांना व्हॅसलिन लावलं की थेंब तोवर टिकतो. सगळ्यात आधी रिक्तिका परत दिसते. ती धडधडू लागते, पेशी फुगते आणि बाहेरची जाड भिंत एका बाजूला तडकते. तरी सुटका नाही! पातळ आतल्या आवरणासकट पेशी फटीतून बाहेर सरकते आणि त्या पिशवीतच गरागरा फिरते. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मग पिशवी फाटते आणि दोन-तीन वळशांत कोल्पोडा नजरेआड.

रिकामी कवचं मागे राहतात, त्यामुळे किती बाहेर पडले ते मोजता येतं. सगळ्या पुट्या एकदम उघडत नाहीत. काही दुसऱ्या दिवशीही जशाच्या तशा होत्या. त्यांना आणखी काढा घातला.