तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरीला कसलं आलंय मार्केटिंग?

मी कोल्हापुरात मार्केटिंगचं काम करते असं सांगितलं की समोरून हमखास एकच प्रश्न येतो. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये समोरच्या बर्थवरचे काका विचारतात, पुण्यातल्या लग्नात शेजारच्या पाटावरच्या मावशी विचारतात, परवा तर दाढ काढता काढता डॉक्टरांनी विचारलं. "तुमच्याकडं मार्केटिंगचं काय काम? कोल्हापुरी म्हटलं की आपोआप विकतंय की!" डॉक्टरांना उत्तर देण्याच्या अवस्थेत मी नव्हते, म्हणून इथं देते.

विकतं, आपोआप विकतं. गोम एवढीच की बऱ्याचदा ते दुसऱ्याच कुणाचं तरी विकतं.

मुंबईत कुठल्याही हॉटेलात शिरा, मेनूकार्डावर व्हेज कोल्हापुरी असणारच. आमच्या घरात ही भाजी आजवर कुणी केलेली नाही आणि शेजारीपाजारी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडं कांदा-लसूण चटणी असते, ती उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची आणि प्रत्येक घरची चव वेगळी. तांबडा रस्सा असतो, पांढरा असतो, आणि पांढऱ्यात तर तिखट नावालाच. पण बाहेर कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारं काहीतरी. नावापुढं दोन लाल मिरच्या छापल्या की झालं कोल्हापूर. त्या दोन मिरच्यांशी माझं रोजचं भांडण आहे. हेच माझं काम, असं म्हटलं तरी चालेल.

या कामात मी पहिली चूक केली ती चपलेच्या बाबतीत.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका दुकानदारांनी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि मजकूर लिहायला माझ्याकडं दिला. मी उत्साहात लिहिलं, 'लोण्यासारखी मऊ, पायाला जाणवणारही नाही अशी अस्सल कोल्हापुरी.' फोटो झकास आले, ऑर्डरीही आल्या. पंधरा दिवसांत चपलाही परत यायला लागल्या. एका बाईंनी अंगठ्याच्या बेचक्यातल्या फोडाचा फोटो पाठवला होता, खाली एक शब्द नाही, नुसता फोटो. दुकानदार मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी कोल्हापुरी वापरलाय काय?" मी महाद्वार रोडवर लहानाची मोठी झाले, आणि आयुष्यभर पायात स्पोर्ट्स शूज. काय सांगणार!

मग त्यांनी मला सुभाषनगरात त्यांच्या कारागिराकडं नेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. दारातच पाण्यात भिजत घातलेलं चामडं, त्याचा वास नाकात बसतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. मामा फरशीवर बसून रापीनं तळ कापत होते. तळाला म्हशीचं जाड कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. आत मामी पट्ट्याची वेणी घालत होत्या, बोटं चालू आणि नजर टीव्हीवर. मी आख्खा तास बघत बसले, अस्सल जोडाला खिळा कुठं लागलाच नाही. आरीनं भोक पाडायचं आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं.

मी घाबरत घाबरत फोडाचा फोटो दाखवला. मामांनी चष्मा वर केला.

"मग? चामडं हाय ते. आठ दिस चावणारच की."

"मामा, मी मऊ आहे असं लिहिलंय."

"कुणी सांगितलंतं लिवायला?" मग मामीकडं बघून, "ऐकलंस काय? मऊ म्हणं!"

मामी हसल्या. "रात्री तेल पाजायचं बाई तिला. सकाळी पुसायचं आन् घरातल्या घरात घालून फिरायचं. एकदम बाजाराला नेली तर चावंल न्हाईतर काय करंल?"

त्या संध्याकाळी मी सगळा मजकूर खोडला आणि जोडासोबत घालायला एक चिठ्ठी लिहिली. 'पहिले सात-आठ दिवस ही चप्पल चावेल. रात्री तेल लावून ठेवा, आधी घरात घाला. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको.' दुकानदारांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे माल विकायला लिवलंय का गिऱ्हाईक पळवायला?" पण छापली. परत येणं थांबलं असं नाही, कमी झालं. गंमत अशी की पुढं काही गिऱ्हाइकं स्वतःहून विचारायला लागली, "चावणारीच आहे ना?" चावते म्हणजे खरी, हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. असली ओळ मला शंभर वर्षांत सुचली नसती.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि त्यांना फक्त लेदर सँडल म्हटलं, तेव्हा माझा फोन दोन दिवस थंड झाला नाही. ओरड झाली, मग त्यांनी या चपलांमागं भारतीय कारागिरांची परंपरा आहे हे मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन बघूनही गेली. राग बरोबरच होता, मलाही आला. पण त्याच आठवड्यात मी चप्पल लाइनमधून चालत गेले. चार दुकानं सोडून पाचव्या दुकानात मशीनवर केलेला, रेक्झिनचा, बाहेरून आलेला माल 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून पर्यटकांच्या पायात चढत होता. मिलान लांब आहे हो, चप्पल लाइन मला घरापासून चालत दहा मिनिटं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ठरलेल्या भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता यावं म्हणून. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. कागदावर नाव राखलं गेलं. दुकानात दर विचारून पुढं जाणाऱ्या माणसाला जीआय म्हणजे काय हे कोण सांगणार? तिथं माझं काम सुरू होतं.

गुळाची तऱ्हा त्याहून अवघड.

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापार वाढावा म्हणून, आणि गुळानं ती पेठ नावारूपाला आणली. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो. एकदा तरी तो बघाच. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या थप्प्या, ढेपेला नख लावून बघणारे व्यापारी, कुणी चिमूटभर तोंडात टाकतोय, कुणी वास घेतोय. माझ्या शिक्षणातला निम्मा भाग मी इथं उभी राहून घेतला असं मी म्हणते तेव्हा विद्यापीठातल्या आमच्या सरांना वाईट वाटतं. शिवाजी विद्यापीठातनं मी एमबीए केलं, नोकरी सांभाळून. तिथं गिऱ्हाइकाच्या मनातली किंमत कशी शोधायची यावर एक आख्खं प्रकरण होतं. यार्डात व्यापारी ती समोरच्याच्या भुवईवरून शोधतात.

तर गुळाचं दुखणं म्हणजे रंग. आत्याच्या गुऱ्हाळावर लहानपणी मी तासन्‌तास बसायचे. काहिलीत रस उकळायला लागला की त्यात भेंडीचा चिकट रस घालायचा, मळी वर येते, ती काढायची. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतो, गोळी झाली की आरडाओरडा, आणि काहील वाफ्यात रिकामी. असा गूळ थंड झाला की तपकिरी होतो. कधी लालसर, कधी काळपट, उसावर आणि जमिनीवर असतं ते. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला पाहिजे पिवळाधमक. मग रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन पडतं. तेच गिऱ्हाईक नंतर 'केमिकल नसलेला आहे ना?' म्हणून विचारतं, पिवळी ढेप हातात धरून.

त्यात 2014 मध्ये जीआय मिळूनही बाहेरचा गूळ कोल्हापुरी छापाच्या खोक्यात जातो, ही इथली नेहमीची तक्रार. तक्रार करणाऱ्यांतले काहीजण तीच खोकी भरतात, हेही नेहमीचंच. मी एका गुऱ्हाळवाल्यांसाठी काम करते. त्यांच्या खोक्यावर मी काळ्या गुळाचा फोटो लावायला लावला, अगदी आहे तसा, वरचे ओरखडे दिसतील असा. डिझायनरनं तो दोनदा गुपचूप उजळ करून पाठवला. तिसऱ्यांदा मी त्याला गुऱ्हाळावर घेऊन गेले आणि गरम काकवी चपातीबरोबर खाऊ घातली. मग फोटो बरोबर आला.

आता याच्या नेमकं उलटं बघायचं असेल तर शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत जा. इथल्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत, इंजिनांत बसतं आणि त्यावर कोल्हापूर हे नाव कुठंच नसतं. एका फाउंड्रीच्या मालकांसाठी मी माहितीपत्रक केलं, मुखपृष्ठावर वितळलेल्या लोखंडाचा झगमगीत फोटो. त्यांनी तो बाजूला सारला. "मॅडम, हे बघून कोण ऑर्डर देत नाही. रिजेक्शन किती, सँपल किती दिवसांत, एवढं लिवा." दोन पानं झाली, काळी-पांढरी. त्याच पानांवर त्यांना कामं मिळतात. नावाच्या जिवावर काहीच विकता येत नाही म्हटल्यावर माणूस किती नेमकं बोलायला लागतो, हे मला त्या दोन पानांत कळलं.

"बाकी मग वेळ कसा घालवता?" हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे. तिथं बसून मी जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिराती वाचते, कथा नंतर. केसांच्या तेलाला तेव्हा कसली ठाम मराठी मिळायची! आणि बाबूराव पेंटर तर माझे गुरू, त्यांनी मला शिष्य केलं नसलं तरी. या माणसानं कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. हे सगळे सांगतात. मला जास्त भुलवतं ते हे की आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. त्यांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या सिनेपोस्टरांपैकी एक मानतात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याला वळसा घालून रोज हजारो दुचाक्या जातात. मीही जाते, सिग्नल बघत.

फुटबॉलबद्दल विचारू नका, लेख संपायचा नाही. फक्त एवढं सांगते, शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या दोन संघांची मॅच असली की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ भर उन्हात हजर असते, आणि त्यांना कुणी एसएमएस पाठवलेला नसतो. मार्केटिंगवाल्यानं बघून गप्प घरी यावं.

भाषेचं मात्र सांगते. पुण्यात पहिल्या मुलाखतीला मी म्हणाले, "मी सकाळी सातलाच निघालो." समोरचे तिघं हसले. आमच्याकडं मुली सर्रास 'मी जातो, मी आलो' म्हणतात, त्यात काही वावगं वाटत नाही. ती नोकरी मिळाली नाही. त्यामुळं की कशामुळं कुणास ठाऊक. कोल्हापूरला परत आले तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, आलास." आईही तसंच बोलते. आता कामाच्या मीटिंगमध्ये मी करते-जाते म्हणते आणि सुभाषनगरात करतो-जातो. मामांना पुण्याची मी आवडत नाही.

गेल्या महिन्यात ती चिठ्ठी पुन्हा छापायला निघाली. मी म्हटलं, खाली कारागिराचं नाव घालू या. मामांनी मान हलवली.

"नाव घातलं की लोक दारात येत्यात, ह्याला करून दिला, मला का न्हाई म्हणून. नाव नगं."

"मग 'हाताने बनवलेली, कोल्हापूर' एवढंच लिहू?"

मामा थोडा वेळ तळ घासत राहिले. मग रापी खाली ठेवून म्हणाले, "कोल्हापूर समदेच लिवत्यात. सुभाषनगर लिव. ते कोण लिवत न्हाई."

दुकानदारांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सुभाषनगर दिल्लीत कुणाला कळणार? मी तसंच प्रेसला पाठवलंय. प्रूफ अजून यायचंय.