वसमत कुठं ठेवलंय?

जूनचे दिवस, प्रवेशाची गर्दी. सकाळी साडेदहाला वसमतच्या शाखेतून लॅब सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. "मॅडम, चोवीस कॉम्प्युटर डोमेनला जोडले, पण एकावरबी पेनड्राइव्ह बंद झाला नाही. पोरं परवापासून बसायलीत."

मी परभणीला संस्थेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हरचं काम बघते, अकरा वर्षं झाली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शाखांची खाती, कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं एकाच ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती नोंदवहीत आहे. त्या नोंदवहीच्या हद्दीला डोमेन म्हणतात. पेनड्राइव्ह बंद करणारी पॉलिसी, म्हणजे नियम, शाखेच्या ओयूला जोडलेली असते. ओयू म्हणजे ऑर्गनायझेशनल युनिट, नोंदी गटवार ठेवायचा कप्पा. कॉम्प्युटर त्या ओयूत असला तरच त्याला ती लागते. म्हणून आधी वसमतची ओयू उघडून बघायची होती.

वसमत हिंगोली जिल्ह्यात. हिंगोलीच्या ओयूवर राइट क्लिक करून 'फाइंड' घेतलं, वरच्या यादीत 'ऑर्गनायझेशनल युनिट्स' निवडलं, इंग्रजीत नाव टाकलं. काहीच आलं नाही. मग पूर्ण डोमेनमध्ये शोधलं. तरी नाही.

इथं थोडं थांबून सांगते, कारण नवीन मुलं इथंच अडकतात. डिरेक्टरीत शोधताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कुठून सुरुवात करायची, किती खोल जायचं आणि काय जुळलं पाहिजे. पहिली म्हणजे बेस, दुसरी स्कोप, तिसरी फिल्टर. स्कोप मुख्यतः तीन प्रकारचा: फक्त ती एकच नोंद, तिच्या खालची एकच पायरी, किंवा तिच्यासकट खालचं सगळं झाड. जिल्ह्याची ओयू बेस धरून एकाच पायरीचा स्कोप ठेवला, तर तालुक्यांच्या ओयू दिसतील, तालुक्याखालच्या लॅबची दिसणार नाही. ती तिथं असते, आपण तिथवर गेलेलो नसतो.

आणि प्रत्येक नोंदीचा पूर्ण पत्ता आपल्या पोस्टाच्या पत्त्यासारखाच लिहितात. मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. आधी लहान, मग मोठं. लॅब, वसमत, हिंगोली आणि शेवटी डोमेन. त्यामुळं 'लॅब' नावाच्या चाळीस ओयू असल्या तरी बिघडत नाही, एका आईच्या पोटी एकच 'लॅब' असली म्हणजे झालं. म्हणूनच पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ओयू मागवताना ओळख म्हणून नुसतं नाव दिलं की ते स्वीकारत नाही. पूर्ण पत्ता द्यायचा, नाहीतर फिल्टर लावायचा.

या पूर्ण पत्त्याच्या रकान्यावर स्टार, म्हणजे 'इथं काहीही चालेल' ही खूण, लावून शोधता येत नाही. 'ज्याच्या पत्त्यात कुठंही परभणी आहे ते सगळं दे' असं विचारलं तर हाती काही लागत नाही. परभणीलाच बेस करायचं आणि खालचं सगळं मागायचं. हे कळायला मला एक अख्खी दुपार लागली होती.

तर वसमत. ओयू सापडत नसली की मी तिच्यातली एखादी ओळखीची वस्तू शोधते. वसमतच्या कारकुनांच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर पॉलिसी नीट चालते. त्याचं नाव टाकलं, लगेच आला. व्ह्यू मेनूतलं 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' चालू असलं की गुणधर्मांत 'ऑब्जेक्ट' नावाचा टॅब दिसतो, त्यात त्याची जागा लिहिलेली असते. तिथं होतं: परभणी, आणि त्याखाली बसमत.

बसमत! रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचं नाव. ओयू तयार करणाऱ्या आमच्या आधीच्या सरांनी व्ही नाही, बी लिहिला होता. आणि ठेवली परभणीखाली. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, पण संस्थेच्या कामकाजात वसमत आजही परभणी विभागातच आहे. सर चुकले नव्हते. त्यांनी संस्था जशी चालते तशी मांडणी केली, मी मात्र नकाशा डोक्यात धरून शोधत होते. पहिलं अक्षर सोडून पुढची पाच अक्षरं दोन्ही बाजूंना स्टार देऊन टाकली असती, तर एका झटक्यात सापडली असती.

ते चोवीस कॉम्प्युटर त्या ओयूतही नव्हते. जागा न सांगता डोमेनला जोडलेला कॉम्प्युटर 'कॉम्प्युटर्स' नावाच्या ठिकाणी जाऊन बसतो. ते दिसतं ओयूसारखं, पण ते साधं कंटेनर आहे. ओयूच्या शोधात ते येत नाही आणि त्याला पॉलिसी जोडता येत नाही. चोवीसच्या चोवीस उचलून बसमतखालच्या लॅबमध्ये टाकले आणि काकांना सगळे रीस्टार्ट करायला सांगितले. नवीन कॉम्प्युटर आपोआप एका ओयूतच जावेत म्हणून 'रीडिरकॉम्प' ही आज्ञा आहे, तीही त्याच संध्याकाळी चालवली. आता सगळे 'नवीन आलेले' नावाच्या ओयूत येतात आणि पहिल्याच क्षणापासून त्यांच्यावर पॉलिसी असते.

मग ओयूचं नाव बदलून टाकावं असं मनात आलं, पण धाराशिवचा अनुभव ताजा होता. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा आम्ही ओयूचं नावही बदललं. नाव बदललं की पूर्ण पत्ता बदलतो, खालच्या प्रत्येक नोंदीचा. सोडून गेलेल्यांची खाती बंद करणारी आमची रात्रीची स्क्रिप्ट जुना पत्ता धरून बसली होती, ती तिथंच थांबली. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदललं तरी गट नंबर तोच राहतो, तसा प्रत्येक नोंदीला एक जीयूआयडी, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक असतो. नाव बदला, जागा हलवा, तो बदलत नाही. त्या दिवसापासून स्क्रिप्टमध्ये मी तोच वापरते.

म्हणून बसमत तसंच ठेवलं. फक्त डिस्क्रिप्शनच्या रकान्यात लिहिलं: 'वसमत, बसमत. जिल्हा हिंगोली, संस्थेचा विभाग परभणी.' तो रकाना मराठी नीट घेतो. मग आठवडाभर रोज संध्याकाळी बसून सेलू, अंबाजोगाई, बीड असं एकेक करत, इंग्रजीत ज्यांची दोन-दोन स्पेलिंगं चालतात त्या सगळ्या ओयूंना असंच लिहिलं. आता डिस्क्रिप्शनवर फिल्टर लावून देवनागरीत 'वसमत' टाकलं की एकच ओळ येते, बसमतची.