जेलमधलं जेवण
काल बॉस्टनला लिबर्टी हॉटेलमध्ये जेवून आलो आणि अजून डोक्यातून जात नाहीये. हे आधी चार्ल्स स्ट्रीट जेल होतं, १८५१ सालचं, आणि इथे भुतं आहेत असं लोक म्हणतात म्हणून बायको आधी नकोच म्हणत होती, पण आत गेलो आणि दोघंही गप्प. रेस्टॉरंटमध्ये जुन्या कोठड्यांचे गज अजून तसेच ठेवलेत. सूप येईपर्यंत मी एका गजावर हात ठेवून बसलो होतो, गार, खडबडीत, रंगाचे थरावर थर. कोणीतरी हाच गज धरून रात्र रात्र उभं राहिलं असेल ना, हे मनात आलं आणि घास घशाखाली उतरेना.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स पण इथे कैदेत होते. १९७३ मध्ये कोर्टाने सांगितलं की इथली अवस्था कैद्यांच्या घटनात्मक हक्कांच्या विरोधात आहे, तरी जेल बंद व्हायला १९९० उजाडलं, म्हणजे बघा, तोवर माणसं तशीच आत.

भूतबीत काही दिसलं नाही, पण निघताना बायकोने त्या गजांना हळूच नमस्कार केला. मग मीही केला.