काळ्या मातीतले लॉन : उन्हाळी पाण्याची नोंद

नाशिकमध्ये अंगणात लॉन लावणाऱ्यांपैकी अनेकांना काळ्या, चिकण मातीशी जुळवून घ्यावे लागते, त्यामुळे पाण्याचे गणित गवतापेक्षा मातीवरच अधिक ठरते. माझे लॉन सुमारे २० चौरस मीटरचे आहे. उन्हाच्या बाजूला बर्म्युडा, म्हणजे आपली हरळीच, आणि आंब्याच्या सावलीत मेक्सिकन लॉन आहे.

मार्चमध्ये प्रथम मोजणी केली. सरळ कडांचे सारख्या आकाराचे डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवून स्प्रिंकलर पंधरा मिनिटे चालवला आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली. वाट्या यासाठी चालत नाहीत, कारण त्यांचे तोंड रुंद आणि बूड अरुंद असते. मधल्या डब्यांच्या मानाने कोपऱ्यांतील डब्यांत निम्मेच पाणी पडत होते, म्हणून स्प्रिंकलरची जागा एकदा बदलून दोन फेऱ्यांत पाणी देणे सुरू केले. हिशेब सोपा आहे : एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले की एक मिलिमीटर ओल मिळते. आठवड्याला २५ मिलिमीटर हा प्रचलित आकडा धरला, तर माझ्या लॉनला ५०० लिटर लागतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात अर्थातच त्याहून अधिक.

खरी अडचण हे पाणी मुरवण्याची आहे. चिकण मातीत पाणी फार सावकाश शिरते, त्यामुळे ते एका दमात सोडले की बरेचसे वाहून फरसबंदीवर जाते आणि गवताच्या मुळाशी ओल दोन बोटेच राहते. म्हणून एप्रिलपासून प्रत्येक पाळीचे तुकडे केले आहेत : पृष्ठभागावर पाणी साचू लागले की नळ बंद करायचा, अर्धा-पाऊण तास थांबायचे आणि पुन्हा सोडायचे. दुसऱ्या दिवशी लांब सळई जमिनीत खुपसून पाहतो. ती सहज पंधरा सेंटिमीटर उतरली, तर पाणी पोहोचले असे समजतो. आता उन्हाच्या भागाला आठवड्यातून दोन पाळ्या पुरतात.

दोन पाळ्यांतील अंतर मात्र हवे तितके ताणता येत नाही, हे काळ्या मातीचे वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. मुळे खोल जावीत म्हणून वरची माती थोडी सुकू देणे योग्य आहे. पण ती इतकी सुकली की भेगा पडल्या, तर पुढच्या पाळीचे पाणी भेगांमधून थेट खाली उतरते आणि मधले ढेकूळ कोरडेच राहते. द्राक्षबागायतदार मूठभर माती दाबून वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, पाहतात, तीच परीक्षा येथेही चालते : गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. गवतही आधी सूचना देते. पाती किंचित निळसर-करडी दिसू लागली आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उठून राहिले, की त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या पहाटे पाणी द्यावे.

पहाट यासाठी की वारा कमी असतो, बाष्पीभवन कमी होते आणि सूर्य वर आल्यावर पाती लवकर सुकतात. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते. तरीही संध्याकाळी पाइप हातात धरून उभे राहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. त्यांनी ती हौस कुंड्यांवर भागवावी.

सावलीतल्या मेक्सिकनला निम्म्याहून कमी पाणी लागते. पश्चिमेच्या कंपाउंडलगतची पट्टी भिंतीच्या उष्णतेने आधी सुकते, म्हणून तेवढ्याच भागाला मध्ये एकदा झारीने पाणी देतो. कापणीची उंचीही वाढवली आहे, कारण लांब पाती जमिनीवर सावली धरतात.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की स्प्रिंकलर बंद होईल. तोपर्यंत उतारावरच्या कोपऱ्यात पाण्याला वाट काढून देणे आणि बागकामाच्या दातेरी काट्याने भोके पाडून त्यांत जाड वाळू व चाळलेले शेणखत भरणे, ही दोन कामे हाती घेतली आहेत.