जुनी लेक्सस हायब्रिड: गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा नाही

परदेशात नव्याने आलेली मंडळी जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागली की एखादी पंधरा वर्षांची लेक्सस हायब्रिड हमखास समोर येते. आतून-बाहेरून चकचकीत, आणि भाव साध्या नव्या हॅचबॅकच्याही खाली. तिकडे घरी फोटो पाठवायचा मोह होणारच. पण गाडीचा भाव उतरला म्हणून तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. ते अजूनही नव्या लेक्ससच्याच भावाने येतात.

सगळ्यांचा पहिला प्रश्न बॅटरीचा, आणि सर्वात जास्त फसवणूकही तिथेच. लेक्ससच्या सीटी २००एच या मॉडेलच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत २८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे छोटे गठ्ठे, असतात. प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल, मिळून २०१.६ व्होल्ट. लेक्ससच्याच आरएक्स ४००एचमध्ये ८ सेलचे ३० मॉड्यूल, म्हणजे २८८ व्होल्ट. सीटीचा संगणक दोन-दोन मॉड्यूलची जोडी धरून १४ ब्लॉक मोजतो. एक सेल मेला की बॅटरीवर जोर पडताना तो ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सव्वा व्होल्टच्या आसपास खाली जातो आणि पी०ए८० हा बॅटरी बिघाडाचा कोड येतो.

मग ‘रिकंडिशन्ड’ म्हणजे दुरुस्त केलेली बॅटरी विकणारे काय करतात? मेलेलं मॉड्यूल काढतात, भंगारातल्या गाडीचं बसवतात, कोड पुसतात आणि गाडी ताब्यात देतात. याची मला मनापासून चीड आहे. सगळी मॉड्यूल एकाच साखळीत असल्याने सगळ्यांतून करंट सारखाच वाहतो. ज्याची क्षमता कमी, ते आधी रिकामं होतं, आधी भरतं आणि जास्त तापतं. शिवाय उरलेली २७ मॉड्यूलही मेलेल्याच्याच वयाची. काही महिन्यांत दुसरं जातं, मग तिसरं, आणि दर वेळी मागचा सगळा भाग उघडायची मजुरी नव्याने. जुनी मॉड्यूल वापरायचीच असतील तर प्रत्येकाला किमान तीनदा चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता मोजायला हवी (मूळची ६.५ अँपिअर-अवर) आणि जुळणारीच एकत्र लावायला हवीत. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे बस बारवर, हिरवट-निळा थर धरलेला असतो, तो साफ करणं किंवा पट्ट्या बदलणं त्यातच आलं. नट टॉर्क रेंचनेच आवळायचे, जोर जास्त झाला की आटे जातात. हे सगळं करणारा माणूस मोजमापांचा कागद दाखवतो. कागद नसेल तर व्यवहार नको. गाडी आणखी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल तर नव्या सेलचा पूर्ण पॅकच परवडतो.

विकत घेण्याआधी ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) आणि हायब्रिडचा डेटा वाचणारं ॲप लावून बघा. जोरात ॲक्सिलरेटर दाबताना आणि ब्रेक लावताना ब्लॉकांमधला फरक किती वाढतो तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. बॅटरीच्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे धूळ आणि कुत्र्याचे केस अडकले असतील तर पॅक वर्षानुवर्षं तापत आला आहे असं समजा.

ब्रेक ॲक्चुएटर, म्हणजे पंपाने ब्रेकचं प्रेशर तयार करणारा भाग, हा दुसरा मोठा खर्च. दार उघडल्यावर पंप काही सेकंद घरघरतो, ते ठीक. पेडलला पाय न लावताही तो थोड्या-थोड्या वेळाने चालू होत असेल तर प्रेशर आत गळतंय, सी१३९१ हा गळतीचा कोड फार लांब नाही. जुना ॲक्चुएटर आणून बसवला तरी स्कॅन टूलशिवाय त्यातली हवा नीट निघत नाही आणि व्हॉल्व्हचं कॅलिब्रेशनही होत नाही.

एसीच्या बाबतीत मात्र पैसे वाचवायला जाऊच नका. कंप्रेसर हाय-व्होल्टेजवर चालतो आणि त्याच्या मोटरची वाइंडिंग तेलातच असते. तिथे वीज न वाहणारं एनडी-११ तेलच लागतं. साध्या गाड्यांच्या एसीतलं नेहमीचं पॅग तेल थोडंसं गेलं तरी इन्सुलेशन उतरतं, पी०एए६ हा इन्सुलेशन बिघाडाचा कोड येतो आणि एकदा बंद केलेली गाडी पुन्हा ‘रेडी’ होईलच, म्हणजे चालू होईलच, असं नाही. गॅस भरणाऱ्याला मशीन आधी कुठल्या तेलावर वापरलं हे विचाराच.

इकडचं वर्कशॉप भाग उघडत नाही, सबंध असेंब्ली बदलतं. बस बार घासून, पंखा धुऊन, आहे तेच चालतं करणारा मेकॅनिक आपल्याकडे असतो, आणि जुन्या गाडीला तोच लागतो. फक्त १००० व्होल्टचे हातमोजे घालून, हाय-व्होल्टेज तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढून, दहा मिनिटं थांबून आणि मीटरने शून्य पाहूनच त्याने आत हात घालावा. यात तडजोड नाही.

तरीही ही गाडी घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. हिला वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, गिअरबॉक्समध्ये क्लच नाही आणि ब्रेक पॅडही भरपूर टिकतात. साध्या लक्झरी गाडीचे हे खर्च हिच्यात नाहीतच. मर्सिडीज एस ४०० हायब्रिडबद्दल असं म्हणवत नाही. तिची १२० व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी बॉनेटखाली आहे आणि एसीच्याच गॅसने थंड होते, म्हणजे एसीची गळती झाली की बॅटरीही संकटात. वर एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी हवेच्या स्ट्रटवर उभी. रात्रीत एक कोपरा बसला तर तिथला स्ट्रट लगेच बदला, नाहीतर हवा भरता भरता कंप्रेसरही जळतो.

आरएक्स ४००एच बघणार असाल तर १,४४,००० किलोमीटरचा टायमिंग बेल्ट आणि त्याबरोबरचा वॉटर पंप बदलल्याचं बिल मागा. मागच्या तीन स्पार्क प्लगसाठी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, त्यामुळे ते काम बहुतेकांनी टाळलेलं असतं. सीटीमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) काजळीने चोंदतो आणि पुढे हेड गॅस्केट जाण्याची भीती असते, तो साफ केलाय का ते विचारा. आणि एकाच वेळी पाच-सहा भलतेच कोड दिसले तर घाबरण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर ती १२.२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी तीच बदला.